दोन माहेरांची माणसे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ओव्या, पाककृती आणि वर्षभराचा वृत्तान्त असतोच. यंदा एखादा इतिहासाचा लेखही असावा, असे कार्यवाह बाईंनी सुचविले आणि ते काम माझ्या गळ्यात घातले. "बाई, इतिहास म्हणजे लढाया आणि राजे, ते मला जमायचे नाही," असे मी म्हणून पाहिले. पण त्या ऐकेनात. तेव्हा मी माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत असलेला एक विषय निवडला आहे. तो लढायांचा नाही. घर सोडून जाणाऱ्या आणि पुन्हा परत येणाऱ्या माणसांचा आहे.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले. नगरला आता अहिल्यानगर म्हणतात. पण जुन्या काळाविषयी लिहायचे म्हणून मी ह्या लेखात जुनेच नाव ठेवते. आमच्या आजीच्या तोंडी 'वडाळ्याचा बंगला' आणि 'वडाळ्याचे साहेब' हे शब्द नेहमी असत. साहेब म्हणजे इंग्रज सरकारचा अंमलदार नव्हे. ते अमेरिकन मिशनचे पाद्री, फेअरबँक नावाचे. आजी म्हणे, "ते साहेब आपल्यासारखंच बोलायचे. विलायतेला जायचे आणि पुन्हा यायचे." तेव्हा मला ह्यात काही विशेष वाटले नाही. लग्न होऊन इकडे घाटनांदूरला आले आणि वर्षातून दोनदा माहेरी जाऊन परत येताना जी काही घालमेल होते ती स्वतः अनुभवली, तेव्हा त्या साहेबांच्या घरातल्या बायकांचा मी प्रथम विचार केला. पुढे जे मिळेल ते वाचीत गेले.

आपल्या भागातील भगिनींना ही मंडळी फारशी ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. नगर जिल्हा इंग्रजी अमलातला. मध्ये सीना नदी, करोडगिरीची नाकी आणि निराळे नाणे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली उतरले आणि १८३१ च्या अखेरीस त्यांनी नगरला ठाणे घातले. ते कशासाठी आले होते हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हेच त्यांचे काम होते, आणि त्यावरून आपल्या लोकांत जे वाद झाले, घरे फुटली, ते सर्वही खरे आहे. त्या वादात मला शिरावयाचे नाही. मला सांगावयाची आहे ती त्यांच्या घरातली गोष्ट.

आधी प्रवासाची कल्पना यावी म्हणून सांगते. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी बोस्टनहून मुंबईस यायचे म्हणजे शिडाच्या जहाजातून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून चार-चार महिने पाण्यावर काढायचे. मुंबईहून पुढे घाट चढून नगरला बैलगाडीने किंवा घोड्यावरून. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली झाला, तेव्हा कुठे नगरला आगगाडी दिसली. म्हणजे पहिल्या पिढीतील बायकांनी घर सोडले ते बहुधा पुन्हा आईबापांचे तोंड दिसणार नाही असे समजूनच. सुरुवातीला ठराविक मुदतीची रजाही नव्हती. प्रकृती ढासळली तर मायदेशी पाठवीत. पुढे आठ-दहा वर्षांनी एक-दीड वर्षाची रजा देण्याची चाल पडली. तिला 'फर्लो' म्हणत. हा शब्द आपल्या जुन्या पेन्शनर मंडळींच्याही तोंडी होता.

ह्या रजेचा काळ म्हणजे आपल्या माहेरपणासारखा सुखाचा असेल असे आपणास वाटेल. पण त्यांचे प्राण कितीदा तरी वाटेतच गेले आहेत. नगरला तीस वर्षे राहिलेले, 'ज्ञानोदय' पत्राचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन १८६५ साली मायदेशी जाताना जहाजावरच वारले. त्याच्या अकरा वर्षे आधी तसाच प्रसंग ह्यूम कुटुंबावर आला होता, आणि तो जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

रॉबर्ट विल्सन ह्यूम व त्यांच्या पत्नी हॅना हे १८३९ साली मुंबईस आले. मुले मुंबईतच झाली. त्यांपैकी रॉबर्ट अॅलन हा भायखळ्यास १८४७ साली जन्मला व धाकटा एडवर्ड पुढच्या वर्षी. पंधरा वर्षांनी ह्यूमसाहेबांची प्रकृती इतकी खालावली की त्यांना अमेरिकेस नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८५४ साली सगळे कुटुंब जहाजात बसले. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ह्यूमसाहेबांचा अंत झाला. हॅनाबाई लहान लहान मुलांना घेऊन, विधवा होऊन, ज्या देशात त्यांनी पंधरा वर्षे पाऊल ठेवले नव्हते त्या देशात उतरल्या. मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्प्रिंगफील्ड गावी त्यांनी संसार मांडला व मुलांना शिकविले.

भगिनींनो, ह्या बाईंचा विचार करा. लोक म्हणाले असतील, बाई आपल्या घरी आली. पण मुलांच्या लेखी घर कोणते? सात वर्षांच्या मुलाने पाहिलेले जग म्हणजे भायखळा. बर्फ त्याने पडताना पाहिलेले नाही. जे त्याच्या आईचे माहेर, ते त्याला परमुलूख. ह्याविषयी हॅनाबाईंच्या मनात काय चालले असेल ते मी कल्पनेने रंगवून सांगणार नाही. पण पुढे काय घडले ते आपल्यासमोर आहे. रॉबर्ट येल येथून १८६८ साली पदवीधर झाला, पुढे अँडोव्हरला धर्मशास्त्र शिकला, आणि १८७४ साली पत्नीसह हिंदुस्थानात परत आला, तो थेट नगरला. धाकटा एडवर्डही पाठोपाठ मुंबईस आला आणि तिथे त्याने पुष्कळ वर्षे शाळा चालविली. ज्या प्रवासात बाप गेला, त्याच वाटेने दोन्ही मुलगे उलटे आले.

रॉबर्टची पत्नी अॅबी बर्जेस. तिचे वडीलही ह्याच मिशनचे, म्हणजे तिच्याही घरी नगर-साताऱ्याची नावे रोजच्या बोलण्यातली. ह्या मंडळींच्या सोयरिकी पाहिल्या म्हणजे आपल्याकडच्या वतनदार घराण्यांची आठवण होते. फेअरबँकांनी बॅलंटाइनांची मुलगी केली. ह्यूमांनी आधी बर्जेसांची व नंतर फेअरबँकांची केली. मला तर वाटते, ह्याला कारण केवळ ओळखीपाळखी नव्हे. अमेरिकेत वाढलेल्या मुलीला नगरच्या उन्हाळ्याचे, दुष्काळाचे, दारात सकाळपासून बसलेल्या माणसांचे काय सांगायचे आणि किती सांगायचे? जिने ते बाळपणी पाहिले आहे तिला सांगावेच लागत नाही. आपण नाही का, 'पाण्याच्या गावची मुलगी दुष्काळी गावात नांदेल का' म्हणून विचार करतो!

आता ह्या सर्व प्रकारात जो अवघड भाग आहे तो मुलांचा. मुले मोठी झाली, दहा-बारा वर्षांची झाली, की त्यांना शिक्षणासाठी अमेरिकेस पाठवावे लागे. काही आया मुलांबरोबर जात, नवरा एकटा मागे राही. काही आया नवऱ्याबरोबर राहत, मुले आजोळी वा परक्याकडे राहत. तिसरा मार्ग नव्हता. बोस्टनजवळ ऑबर्नडेल येथे एलायझा वॉकर नावाच्या बाईंनी अशा मुलांसाठी आपले घर उघडले. त्या स्वतः तुर्कस्तानात काम केलेल्या मिशनऱ्याच्या विधवा होत्या. त्या घरात देशोदेशी जन्मलेली पाद्र्यांची मुले राहत. आईवडिलांची पत्रे दोन-दोन महिन्यांनी येत. पुढे १९०१ साली दक्षिणेत कोडाईकनालला अमेरिकन मिशनऱ्यांनी शाळा काढली, तेव्हा मुलांना निदान ह्याच देशात ठेवण्याची सोय झाली.

मुलांना वसतिगृहात ठेवून ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील आयांचे ह्या ठिकाणी मला स्मरण होते. बंगल्यातील मॅडमसाहेब आणि कोपीतली ऊसतोडणी कामगारीण ह्यांची बरोबरी कशी, असे कोणी म्हणेल. पैशाची, सुखसोयींची बरोबरी मुळीच नाही. पण मुलाला आजीपाशी ठेवून दसऱ्यानंतर गाडीत बसणाऱ्या बाईला आणि मुलाला बोस्टनच्या जहाजात बसवून धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बाईला एकमेकींची भाषा येत नसली तरी बोलणे समजले असते, असे मी म्हणते. परत आल्यावर मूल थोडे परके झालेले असते. ते हाक मारते आजीला. आईने घास पुढे केला तर आधी आजीकडे पाहते. आमच्या शेजारी हे मी दर वर्षी पाहते.

एकट्या बाईची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. सिंथिया फरार ह्या अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या व त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. दहा वर्षांनी प्रकृतीसाठी त्या मायदेशी गेल्या. तिथे राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. पण १८३९ साली त्या परत आल्या, त्या नगरला, आणि पुढे १८६२ साली मरण येईपर्यंत नगरलाच राहिल्या. तेवीस वर्षांत पुन्हा घरी गेल्या नाहीत. जोतीराव फुले आपल्या मित्राबरोबर नगरला गेले असता त्यांनी ह्याच बाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि तसे आपल्याकडेही व्हावे हे त्यांच्या मनाने घेतले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंकडे घेतले असेही त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १८३९ साली फरारबाई परत आल्या नसत्या तर काय झाले असते, हा खेळ इतिहासात खेळू नये म्हणतात. म्हणून मी तो खेळत नाही. पण आपल्या मंडळात ज्या बायका सही करतात त्यांनी हे नाव एकदा ऐकलेले असावे.

आता पुन्हा ह्यूमांकडे वळते, कारण रजेवर गेलेल्या माणसाच्या मनात काय बदललेले असते ते त्यांच्या हकीकतीत फार स्पष्ट दिसते. अॅबीबाई १८८१ साली वारल्या. लहान मुले मागे राहिली. पुढे रॉबर्ट ह्यूम रजेवर अमेरिकेस गेले. १८८६ साली अँडोव्हरला, आपल्या जुन्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांना बोलावयास सांगितले. तेथे त्या वेळी एक मोठा धार्मिक वाद पेटला होता. ज्यांनी आयुष्यात ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही अशी माणसे मेल्यावर कायमची नरकात जातात की देव त्यांना पुढे कधी संधी देतो? जुन्या मताचे लोक म्हणत, संधी वगैरे काही नाही. अँडोव्हरचे काही अध्यापक म्हणत, देव न्यायी आहे, संधी देईल. ह्यूमसाहेबांनी दुसऱ्या बाजूला सहानुभूती दाखविली.

बारा वर्षे नगरात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी राहिला नव्हता, हे आपल्याला सहज समजेल. एखादा नवा ख्रिस्ती झालेला माणूस त्यांच्यापाशी येऊन विचारणार, "साहेब, माझे वडील फार भले होते. ते गेले तेव्हा तुम्ही इकडे आलाही नव्हता. ते कुठे असतील?" बोस्टनच्या खोलीत बसून ह्याचे उत्तर देणे सोपे असते. त्या माणसाच्या ओसरीवर बसून देणे फार कठीण.

पण बोस्टनमध्ये ह्याचा मोठा गवगवा झाला. मिशनच्या चालकांनी त्यांच्या परतण्याला आडकाठी घातली. स्वतःच्या देशात, स्वतःच्या मंडळींत हा मनुष्य संशयित ठरला, आणि ज्या गावाला 'परदेश' म्हणायचे तिथे जाण्यासाठी त्याला परवानगी मागत बसावे लागले. वर्तमानपत्रांतून वाद झाले. अखेर १८८७ साली परवानगी मिळाली आणि ते नगरला परतले. त्याच वर्षी त्यांचा दुसरा विवाह झाला, वडाळ्याच्या फेअरबँकांची कन्या केटी हिच्याशी.

माहेरी गेलेल्या मुलीला पहिल्या चार दिवसांनंतर जे जाणवते तेच हे. आपण सासरी असताना आपल्याला वाटते, माहेरचे सगळे जसेच्या तसे आहे. माहेरच्यांना वाटते, आपली मुलगी जशीच्या तशी आहे. दोन्ही खोटे असते. ती तिकडची चव घेऊन आलेली असते, आमटीत गूळ कमी घालू लागते, आणि आई एकदम म्हणते, "तू त्यांची झालीस गं." ह्यूमांना त्यांच्या मंडळींनी जे म्हटले त्याचा अर्थ ह्याहून फारसा वेगळा नव्हता. मात्र आईच्या म्हणण्यात माया असते. समितीच्या म्हणण्यात ती कुठून असणार?

नगरला परतल्यावरची त्यांची वर्षे सुखाची होती असेही नाही. १८९६-९७ चा दुष्काळ, प्लेग, आणि मग १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ. आपल्या मराठवाड्यानेही तो सोसला आहे. ह्यूमसाहेबांनी अमेरिकेतून पैसा मागवून अन्नछत्रे व कामे चालविली, अनाथ मुलांची व्यवस्था लावली. १९०१ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. ह्याच काळात नारायण वामन टिळक नगरला त्यांच्या सहवासात होते, आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या भगिनींना ह्यूम हे नाव परके वाटणार नाही. लक्ष्मीबाई त्या काळच्या नगरविषयी जे लिहितात ते वाचताना मला नेहमी वाटते की, देश न सोडताही त्या बाईला सगळा देश बदलून घ्यावा लागला. सोवळ्यातून निघून मिशनच्या आवारात संसार करणे हे बोस्टनहून मुंबईस येण्याइतकेच लांबचे अंतर आहे. तिच्यासाठी तर परतीची रजाही नव्हती.

ह्यूमांची मुले पुन्हा तीच वाट चालली. रूथ ही डॉक्टर होऊन विसाव्या शतकाच्या आरंभी नगरला परत आली आणि तिने बायकामुलांच्या इस्पितळात काम केले. पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवायची नाही अशा त्या काळात ह्याचे मोल काय होते ते आपल्या आजीच्या पिढीने सांगितले असते. मुलगा एडवर्ड हिक्स हा १८७६ साली नगरलाच जन्मला. तो डॉक्टर झाला, आधी मुंबईस प्लेगच्या कामावर होता, आणि १९०५ साली चीनमध्ये चांगशा येथे गेला. तिथे त्याने येलच्या विद्यमाने मोठे रुग्णालय उभारले. मुंबईच्या काकांचा, म्हणजे एडवर्ड सॅकेट ह्यूमांचा मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट हा १८७७ साली मुंबईत जन्मला. त्याने न्यूयॉर्कला प्राध्यापक होऊन तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९२१ साली प्रसिद्ध झाले आणि आजही वापरात आहे. पाद्र्याच्या घरातून उपनिषदे! आजोबा हे ऐकते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

रॉबर्ट अॅलन ह्यूम १९२६ साली निवृत्त होऊन अमेरिकेस गेले आणि १९२९ साली तिकडेच वारले. नगरच्या कामात पन्नासहून अधिक वर्षे गेल्यावर, ऐंशीच्या घरात, पुन्हा एकदा नवे घर लावायचे. ह्या शेवटच्या परतीबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. रजेवर गेलेला मनुष्य पुन्हा येणार असतो, म्हणून त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते व ऐकणारेही असतात. कायमचा परतलेला म्हातारा मात्र पहाटे उठून कोणाशी मराठीत बोलणार?

ह्या प्रश्नाचे एका माणसाने दिलेले उत्तर मला माहीत आहे. ते आपल्या तालुक्यापर्यंत येऊन पोचते, म्हणून ते मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवले होते.

अमोस अॅबट व त्यांच्या पत्नी अँस्टिस हे १८३४ साली नगर मिशनमध्ये आले. १८४७ साली प्रकृतीसाठी त्यांना परत जावे लागले. दहा वर्षे ते अमेरिकेत राहिले. संसार तिकडे रुजला असेच कोणालाही वाटले असते. १८५३ साली तिथे त्यांना जस्टिन हा मुलगा झाला. आणि १८५७ साली, उत्तरेत बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी, हे कुटुंब पुन्हा हिंदुस्थानात आले. जस्टिन तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. आईबापांना हे परतणे होते, त्याला मात्र नवीन येणे. पण लहान मूल जिथे खेळते तिथले होते. पुढे बारा वर्षे हा मुलगा नगरच्या बाजूला वाढला. १८६९ साली कुटुंब परत गेले, तेव्हा सोळाव्या वर्षी त्याच्या वाट्याला पुन्हा नवा देश आला. तो तिथे शिकला आणि १८८१ साली मिशनरी होऊन मुंबईस आला. १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्माही मुंबईसच झाला. 'ज्ञानोदया'चेही काम त्यांनी पाहिले. जुनी नाणी व शिलालेख ह्यांचाही त्यांना नाद होता.

सुमारे तीस वर्षांनी अॅबट निवृत्त झाले व न्यू जर्सीतील समिट ह्या गावी राहू लागले. निवृत्त साहेबाने काय करावे? बाग करावी, नातवंडे खेळवावी. अॅबटांनी महिपतीच्या पोथ्या उघडल्या. ताहराबादच्या महिपतीबोवांचे भक्तविजय व भक्तलीलामृत आपल्याकडे घरोघर वाचतात. समिटला बसून हा म्हातारा त्यांतील संतचरित्रे एकेक करून इंग्रजीत उतरवू लागला. १९२६ साली भानुदास, १९२७ साली एकनाथ, १९३० साली तुकाराम, १९३२ साली रामदास. १९३२ सालीच ते वारले, तेव्हा काही भाग छापावयाचे राहिले होते. पंडित न. रा. गोडबोले ह्यांच्या साहाय्याने केलेली भक्तविजयाची भाषांतरे त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. 'महाराष्ट्रातील संतकवी' अशा अर्थाचे ह्या मालेचे नाव आहे.

ह्या मालेत १९२९ साली निघालेले एक पुस्तक बहिणाबाईंचे आहे. शिऊरच्या ह्या संत बाईने स्वतःची जन्मकथा स्वतः सांगितली. नवऱ्याचा मार, गाय-वासराची माया, तुकोबांनी स्वप्नात दिलेला उपदेश, हे सर्व तिने अभंगांत घातले. सतराव्या शतकातील बाईचे असे आत्मचरित्र आपल्या भाषेत आहे हे इंग्रजी वाचणाऱ्यांना प्रथम ह्या पुस्तकातून कळले. आपल्यापैकी किती जणींनी ते मूळ मराठीत वाचले आहे, हा प्रश्न मी विचारणार नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

आणि त्याच मालेतील एक लहानसे पुस्तक आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांवर आहे. दासोपंतांची कथा आपणा सर्वांना परिचित आहेच. वडील दिगंबरपंत देशपांडे; सरकारी भरणा झाला नाही म्हणून बेदरच्या बादशहाने मुलाला ओलीस ठेवले; महिन्यात पैसे आले नाहीत तर त्याला मुसलमान करणार, असे ठरले; आणि शेवटच्या दिवशी दत्तात्रेय दत्ताजी पाडेवार होऊन रक्कम भरून गेले. घरापासून दूर ठेवलेल्या, धर्म बदलण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाची ही कथा एका ख्रिस्ती पाद्र्याने, धर्मप्रसारासाठी आयुष्य घातलेल्या माणसाने, इतक्या आस्थेने भाषांतरित करावी ह्याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. आता तितकेसे वाटत नाही. बाळपणीच ज्याला दोनदा देश बदलावे लागले त्याला ओलीस राहिलेला मुलगा कळला असेल. हा माझा तर्क; अॅबटांनी तसे कोठे म्हटले आहे असा माझा दावा नाही.

अलीकडे अशा मुलांना एक नावही मिळाले आहे. आईबापांची संस्कृती एक, ज्या देशात वाढले तिथली दुसरी, आणि दोन्हीत धड न बसणारी अशी त्यांची तिसरीच संस्कृती, म्हणून 'तिसऱ्या संस्कृतीची मुले'. ही कल्पना रूथ हिल यूसीम ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी मांडली. त्या आपल्या पतीबरोबर १९५० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात राहून इथल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करीत होत्या. म्हणजे नाव जरी अमेरिकेत पडले तरी त्याचे बी आपल्या मातीतले आहे.

आज वाट उलटी झाली आहे. आपल्या ह्या गावातील, परळी-अंबाजोगाईकडील मुले पुण्याला जातात, पुण्याहून अमेरिकेला, कधी त्याच न्यू जर्सीत. सुटीला येतात तेव्हा त्यांची मुले आजीच्या घरात हंड्यातले पाणी पिऊ की नको म्हणून आईकडे बघतात. माझ्या जावेचा नातू असाच आला होता. पहिले आठ दिवस त्याला इथले काही रुचेना; जायच्या आदल्या रात्री मात्र तो ओट्यावरून उठेना. तिकडे पोचल्यावर आठवडाभर झोपेतून उठून "गाडी कुठे गेली" म्हणून विचारीत होता असे त्याच्या आईने कळविले. इथे त्याला आपल्या स्टेशनावरून रात्री जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत असे ना! सुनेने विचारले, ह्याला काय करावे? मी म्हटले, त्याला इथल्या गोष्टी मराठीत सांगत जा, आणि त्या गोष्टी संपल्या की नव्या मागवून घे, मी पाठवीन. त्याप्रमाणे पहिली पाठविली आहे ती दासोपंतांची.

दासोपंतांची समाधी अंबाजोगाईस आहे. ज्या लांबलचक वस्त्रावर त्यांनी आपला ग्रंथ लिहिला ती पासोडीही तिथेच जपून ठेवलेली आहे. घाटनांदूरहून सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारच्या जेवणाला घरी येता येते. मंडळाच्या पुढील सहलीसाठी मी हे ठिकाण कार्यवाह बाईंना लिहून दिले आहे. ज्या भगिनींना यावयाचे असेल त्यांनी नाव नोंदवावे, आणि ज्यांची नातवंडे त्या वेळी सुटीला आलेली असतील त्यांनी त्यांनाही बरोबर घ्यावे.